हलक्या सामानाच्या मेश्रामताई

मेश्रामताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते भिलाईत, स्मृति नगरातल्या आमच्या गल्लीच्या किराणा दुकानात. त्या काही विकत घेत नव्हत्या. दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्यांनी एक निळी, गुंडाळलेली स्लीपिंग बॅग ठेवली होती आणि आकड्याकडे रोखून पाहत उभ्या होत्या. आकडा काही पसंत पडला नसावा. बॅग उतरवून त्यांनी ॲल्युमिनियमचं छोटं पातेलं ठेवलं, मग सायकलचा हातपंप. दुकानदाराला याची सवय असावी. तो निमूटपणे बाजूच्या जुन्या तराजूवर माझी साखर जोखत होता. माझं फोनवरचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं. वळून म्हणाल्या, "मराठी का वो तू? कुठची?" मी वर्ध्याची, लग्न होऊन इथे आलेली, नवरा भिलाई-३ला रेल्वेत, असं सांगितलं. त्यांनी पंप माझ्या हातात दिला. "पाह्य बरं, जड वाटून राहिला का?"

त्या भिलाईच्या पोलाद प्लांटमधून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायच्या. शेडच्या छताखाली रुळांवर सरकणाऱ्या केबिनमध्ये बसून त्यांनी नोकरीभर तापलेलं लोखंड या टोकाकडून त्या टोकाला नेलं. वडील भंडाऱ्याकडून प्लांटमध्ये कामाला आलेले. नवरा लवकर गेला. एकुलता एक निखिल पुण्यात नोकरीला. सेक्टरमधलं प्लांटचं क्वार्टर सोडून ताई आमच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला आल्या आणि त्यातली एक खोली त्यांनी सायकलीला दिली. सायकलवर तंबू-अंथरूण बांधून दूरदूर हिंडणाऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहून पाहून त्यांच्या मनाने ते घेतलं होतं. या वयात हे कशाला, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "जिंदगीभर एकाच रुळावर आली न गेली. आता रूळ नाही तिथं जायाचं हाये."

आयुष्यभर टनांत मोजणारी ही बाई आता ग्रॅमसाठी जीव टाकत होती. "उचलाचं किती ते पयले ठरव, मंग हूक खाली सोड," हे त्यांचं क्रेनवरचं वाक्य खरेदीलाही लागू होतं. टूथब्रशची दांडी त्यांनी अर्धी कापली. पोळपाटाची जागा स्टीलच्या ताटाच्या उपड्या बाजूला मिळाली. तरी चुका व्हायच्याच. सुपेल्याच्या बाजारातून आणलेला पहिला तंबू लग्नाच्या मांडवाएवढा जड निघाला. चढावर पाय हलके चालावेत म्हणून त्यांनी मागच्या चाकासाठी मोठ्या दातेरी चकत्यांचा गिअरचा संच ऑनलाइन मागवला, तर तो त्यांच्या चाकावर बसेचना. सायकल दुकानातल्या मिस्त्रीने समजावलं की या संचाला चाकाचा मधला भागच वेगळा लागतो, चाकच बदलावं लागेल. दुसरी कुणी असती तर विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली असती. ताई तो चकचकीत संच घरी घेऊन आल्या, खिडकीत ठेवला आणि म्हणाल्या, "आपनच न पाहता हूक सोडला, बापा. आता चाक आनू." चाक यायला बराच काळ गेला. तोवर त्या रोज तो संच पुसायच्या.

दुसरा तंबू मात्र खरंच हलका होता, बाजारच्या पिशवीत मावेल असा. तो आम्ही त्यांच्या गच्चीवर लावून पाहिला. खुंट्या ठोकायला माती नाही, म्हणून कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. चहा आणायला खाली गेलो तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि तंबू शेजारच्या पेरूच्या झाडावर जाऊन बसला. तो काढताना माझ्या लक्षात आलं की तंबू दोन माणसांचा आहे. मी विचारलं तर म्हणाल्या, एका माणसाचा दुकानात नव्हता. ते खरं नव्हतं. निखिलची कॉलेजातली सायकल त्यांनी कधीच माळ्यावरून खाली काढून तिला नवे टायर आणि ब्रेक लावले होते, आणि सीटची उंची माझ्या कमरेला लावून पाहिली होती. मला मात्र कधी "चल" म्हणाल्या नाहीत.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी हायवेवर एक ट्रक माझ्या स्कूटरच्या अगदी लगटून गेला होता. मी पडले, हात मोडला. हात जुळला, पण त्यानंतर मी हँडल म्हणून धरलं नव्हतं. भाजीला जायचं तरी ऑटो करायची. ताईंना हे माहीत होतं. त्या मला फक्त म्हणायच्या, संध्याकाळी गल्लीत सायकल ढकलत फिरत जा, बेअरिंग मोकळे राहतात. बेअरिंगसाठी म्हणून मी ढकलू लागले. मग एके दिवशी बसलेच. काही आठवड्यांत गल्लीच्या बाहेरही जाऊ लागले.

थंडी सुरू झाली तसा ताईंचा सिरपूरला जायचा बेत ठरला. महानदीच्या काठी विटांचे जुने बौद्ध विहार आहेत तिथे. ताई लहानपणी वडिलांबरोबर ट्रकमध्ये बसून गेल्या होत्या, त्यानंतर नाही. निघायच्या आधी निखिल पुण्याहून अचानक आला. आईला घेऊन जायला. मुलगी लहान होती, बायकोची रजा संपत आली होती, आणि आई एकटी हायवेवर सायकल चालवणार ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. सामान लावलेल्या सायकलीभोवती तो येरझाऱ्या घालत होता. हे विकून टाक, पुण्याला चल, पडलीस तर मला कोण कळवणार, असं त्याचं हिंदी-मराठीत चाललं होतं. ताई पोळ्या लाटत होत्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"मी नाइट शिफ्टले जाऊन राहिली होती, तू घरी एकटा झोपून राहिला होता. तवा कोनं मले इचारलं नाही, कावून जाते म्हनून. आता सुखानं जाऊन राहिली, त सारे कावून कावून करून राहिले."

निखिल सायकलीपाशी थांबला. मग म्हणाला, "मी नव्हतो झोपत. तू येईस्तोवर जागाच राहायचो."

लाटणं थांबलं. ताईंनी हे कधी ऐकलं नसावं. मग त्यांनी त्याच्या ताटात गरम पोळी वाढली आणि सांगितलं की सिरपूरहून आल्यावर त्या पुण्याला येतील, नातीसाठी, आणि सायकलसकट. दुसऱ्या दिवशी निखिल बाजारातून दोन आरसे घेऊन आला, हँडलला लावायचे, मागची गाडी दिसावी म्हणून. एक आईच्या सायकलीला लावला. दुसरा आपल्या जुन्या सायकलीला लावताना मला म्हणाला, "ताई, तुम्ही सोबत असाल ना?" मी हो म्हणून गेले.

आम्ही पाटणच्या बाजूने गावागावांतून निघालो. धान कापून झालं होतं, शेताशेतांत तिवऱ्याची, म्हणजे आपल्याकडच्या लाखोळीची, हिरवी रोपं वर आली होती. पहिला मुक्काम एका शाळेच्या आवारात झाला. सरपंचबाईंनी तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे आणि टोमॅटोची चटणी पाठवली, स्वतः येऊन तंबूत डोकावून पाहिलं आणि तुमची पुरुषमाणसं कुठे आहेत असं विचारलं. ताईंनी अस्सल छत्तीसगढीत सांगितलं की माणसं घरी आहेत, भांडी घासत असतील. सरपंचबाई हसत हसत खालीच बसल्या.

आरंगच्या पुढे महानदीच्या पुलासाठी हायवेवर यावंच लागलं. पहिला ट्रक वारा अंगावर टाकत गेला. मी उतरले, सायकल खाली टाकली. परत जाऊ, असंही म्हणाले. ताईंनी आपली सायकल स्टँडला लावली, कठड्यावर बसल्या आणि पिशवीतला पेरू कापू लागल्या. त्यांनी सांगितलं की पहिल्यांदा क्रेनची शिडी चढताना त्या मधेच अडकल्या होत्या. ना वर जाता येईना, ना खाली. खाली सगळी मिल पाहत होती.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, भेव त गेलंच नाही. शेवटच्या दिवसापावतर वाटलं. मी त्याले म्हनलं, तू बी चल सोबत, पन लिव्हर माह्याच हातात राहीन."

पेरू संपला. आरशात मागचा रस्ता मोकळा दिसला तशी मी निघाले. पुलावर आणखी ट्रक गेले. दातओठ आवळले होते, पण मी उतरले नाही. पलीकडे पोचल्यावर लक्षात आलं की ताई सगळा पूलभर माझ्या उजव्या मागच्या बाजूने, ट्रकच्या अंगाने चालवत आल्या होत्या.

सिरपूरला विहारात ताई बुद्धमूर्तीसमोर बसल्या, पुटपुटत वंदना म्हटली, आणि बाहेर येऊन विटांवरून हात फिरवत म्हणाल्या की बाबा इथेच जेवायला बसले होते, भाकर आणि ठेचा. मग पायातले बूट काढून उन्हात पाय पसरून बसल्या. इतक्या निवांत त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

महिन्याभरात त्या पुण्याला गेल्या. दुर्ग स्टेशनवर सायकल खोक्यात घालून लगेजला दिली. तंबू मात्र माझ्याकडे ठेवला. पुण्यात दुसरा घेईन, म्हणाल्या, आता काय पाहायचं ते कळतं.

आम्ही फोनवर बोलतो. त्या नातीला सांभाळतात आणि रविवारी घाट चढतात. परवा फोन निखिलचा आला. थोडा ओशाळल्यासारखा. त्यालाही सायकल घ्यायची होती, आईबरोबर जायला, आणि मागच्या चाकाला कोणता गिअरचा संच घ्यावा ते कळत नव्हतं. मी म्हटलं, अरे, घरात एवढी आई आहे, तिला विचार की.

"तिलाच विचारलं, ताई," तो म्हणाला. "ती म्हणाली, भिलाईले फोन लाव."