पट्ट्यावरची कणसरी

कार्तिकातल्या सकाळी पोशेरा गावच्या अंगणात उन्हाच्या आधी येतो तो नुकत्याच दळलेल्या नागलीचा, म्हणजे नाचणीचा, वास. मातीचा, धुराचा आणि किंचित गोडसर असा तो वास डोंगरावरून उतरणाऱ्या गारव्यात मिसळतो, आणि मग मागाहून कधीतरी कोवळा प्रकाश कुडाच्या भिंतीला येऊन टेकतो. माझ्या इंटर्नशिपची आठवण मला या वासातूनच येते. ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या माझ्या वर्गातल्या बाकीच्यांनी मुंबईच्या जाहिरात कंपन्या गाठल्या होत्या, आणि मी मात्र आपल्याच जव्हारला, बचत गटांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत उमेदवारी करायला परतले होते. पिकतं तिथं विकत नाही, म्हणून मैत्रिणींनी माझी यथेच्छ थट्टा केली.

काम छोटंसं होतं. पोशेऱ्याच्या बायकांचा गट नागलीचं पीठ पारदर्शक पिशव्यांत भरायचा, त्या पिशवीभोवती गुंडाळायला एक छापील कागदी पट्टा हवा होता. गटाच्या प्रमुख लक्ष्मीताईंना मात्र ते छोटं नव्हतं. भाताची कापणी उरकली की त्यांचा मुलगा आणि सून वसईकडच्या वीटभट्टीवर जात, आणि या वर्षी सुनेला सातवा महिना होता. जव्हारच्या प्रदर्शनात पीठ खपलं, पुढची मागणी आली, तर सून घरी राहू शकणार होती.

पट्ट्यावर काय काढू, असं विचारल्यावर लक्ष्मीताई म्हणाल्या, "आपली कणसरी काढ," आणि साऱ्यांनी माना डोलावल्या. कणसरी म्हणजे धान्याची देवता. नवं धान्य तिला दाखवल्यावाचून इथे कुणी घास घेत नाही, आणि खळ्यात शिरताना वहाणा बाहेर राहतात. आमच्या घरी, अब्बांच्या शिलाईच्या दुकानात काय किंवा आतल्या खोलीत काय, भिंतीवर कधी चित्र लागलं नाही. त्यामुळे देवतेला रूप देण्याची माझी ही पहिलीच वेळ. कणसांच्या भाराने वाकलेली ती पाठमोरी आकृती स्क्रीनवर हळूहळू उमटत गेली, तेव्हा आपण कुणाच्या तरी दारात न विचारता उभे आहोत असं वाटून मी क्षणभर माऊस सोडून बसले. छापून आलेला पट्टा बायकांनी एकमेकींच्या हातात कितीतरी वेळ फिरवला. त्यांना तो फार आवडला होता.

प्रदर्शनाच्या सकाळी लक्ष्मीताईंनी स्टॉलवर धुतलेलं लुगडं अंथरून त्यावर पिशव्या मांडल्या. नाशिकहून आलेल्या एका बाईंनी दोन पिशव्या उचलल्या. लक्ष्मीताईंनी त्या त्यांच्या हातून अलगद परत घेतल्या, कपाळाला लावल्या आणि म्हणाल्या, "इकायच्या नाय." बाई चकित होऊन पुढे गेल्या. दुसरं गिऱ्हाईकही तसंच परतलं, तेव्हा माझा धीर सुटला.

"ताई, अहो काय करताय हे? सुनेचं काय मग?"

"त्याच तर ना, बाय." त्यांनी पट्ट्यावर हात ठेवला. "मीच बोलली, कणसरी काढ. पन पीठ सरला का ह्यो कागद कुठं टाकतील? उकिरड्यावर? पायाखाली जाईल ना ती."

जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती अवघडलेली सून एका बाजूला आणि हा हातभर कागद दुसऱ्या बाजूला. आणि ही बाई डोळ्यांत पाणी आणून कागदावर हात ठेवून बसलेली. मला त्या श्रद्धेची भीती वाटली, आणि तिच्यापुढे वाकावंसंही वाटलं.

शेवटी मी पिशवीतून कटर काढला. "ताई, तिला यातून सोडवून घेऊ?"

त्यांनी चित्रावरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी स्वतःच पहिला पट्टा सरकवून माझ्यापुढे ठेवला. कणसांच्या टोकांवरून, वाकलेल्या पाठीवरून, कडेकडेने मी आकृती कापून काढली. सुटलेलं चित्र त्यांनी पदरात घेतलं, घरी धान्याच्या कणगीत ठेवायला. रिकामा पट्टा मी परत पिशवीवर चढवला आणि हात तिथेच थांबला. कापलेल्या जागेतून आता पीठ दिसत होतं. तांबूस, करडं, उन्हात मऊ उजळलेलं, आणि ते तिच्याच आकाराचं होतं. मी काढलेली कणसरी इतकी सुंदर नव्हती.

लक्ष्मीताई वाकून पाहत राहिल्या. "आता पोटात जाईल ती," त्या म्हणाल्या, आणि समोर थांबलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी दिली.

मी एकेक पट्टा तसाच कापत गेले, आणि दुपार कलेपर्यंत लुगडं मोकळं झालं. नाशिकच्या त्या बाई परत आल्या, आपल्या दुकानासाठी दर महिन्याला पीठ पाठवाल का म्हणाल्या. कागदाचे कपटे गोळा करताना मनात आलं की कॉलेजात सर विचारतील, यात तुझं काम कोणतं, आणि मला बोट ठेवायला तिथे काहीच नसेल. त्या विचाराने मला वाईट वाटलं नाही, याचंच नवल वाटत राहिलं.

शेजारी लक्ष्मीताईंनी सुनेला फोन लावला होता. "त्याला एकट्याला जाऊ दे भट्टीवर. तू माझ्याजवळ राहा." पलीकडून सून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. बोलणं संपल्यावरही ताई फोन कानाशी धरून हसत बसल्या होत्या.