अक्कांचं बेल्जियमचं द्राक्षासव

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कमरीपेठेत डंकावर ब्याडगी मिरची कुटून घेत होते. तिथं सगळ्याच बायकांच्या डोळ्यांना धार लागलेली, त्यामुळे मी पदर डोळ्यांना लावला तरी कुणी काही विचारलं नाही. बरंच झालं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. विद्यानगरच्या घरात एकाच ओट्यापाशी आम्ही दोघींनी उभा जन्म काढला, आणि तो खरोखरच उभा होता...

आमच्याकडे पुरुषांची पानं आधी. अण्णा, म्हणजे अक्कांचे यजमान, वकिली करून निवृत्त झालेले. आवाज चढवणारे मुळीच नव्हेत. फक्त "वाढ" म्हणायचे, आणि ते वाढणं काही संपायचं नाही. आमच्या पानात येईपर्यंत भाकरीचा पापड झालेला असे. चिडायचं तरी कुणावर? भिंतीवर?

मेधाच्या, त्यांच्या लेकीच्या, बाळंतपणाला अक्का बेल्जियमला गेल्या आणि तिकडून एक खूळ घेऊन आल्या. दोन-तीन जातींच्या पांढऱ्या द्राक्षांची मिसळ करून तिथल्या मळ्यात केलेली वाईन. जावयानं स्वतः वाढलेल्या ताटासमोर बसून त्यांनी ती पहिल्यांदा चाखली होती. "हिरव्या सफरचंदाचा वास गं, मागून लिंबाची साल. आणि आंबूसपणा असा, की पुढचा घास हवाच," हे सांगताना चक्क लाजल्या! येताना एक बाटली साडीत गुंडाळून आणली. तिथं ती शिंपल्यांबरोबर घेतात, बकरीच्या चीजबरोबर घेतात. अक्का पक्क्या शाकाहारी. मग ओट्यापाशी आमचा एकच खेळ, हिला जोड कशाची? कोसंबरी चालेल, मुगाची डाळ आणि ओलं खोबरं तिला सांभाळून घेतील. मिरची भजी नको, तिखट आणखी भडकेल. पेढ्याचं तर नावच नको, गोडावर ती नुसती चिंच लागेल. शेवटी अळूवडी ठरली, बेताच्या गुळाची, कुरकुरीत तळलेली.

"पण सुमे, अट आहे हं," त्या म्हणाल्या. "ती गार हवी, वडी गरम हवी, आणि मी बसलेली हवी. तिन्ही एकदम."

एवढंच मागणं. पण जमावं कधी? मी एकदा म्हटलं, चोरून घोटभर घ्या की. तर उसळल्याच. "उभ्यानं? चोरून? मग औषध काय वाईट!"

एकदा अण्णा धारवाडला एका मुंजीला गेले. म्हटलं, अक्का, आज! त्यांना जबरदस्तीनं टेबलाशी बसवलं, स्टीलच्या पेल्यात ओतून दिलं, वड्या तेलात सोडल्या... आणि फाटक वाजलं. उन्हानं डोकं धरलं म्हणून अण्णा अर्ध्यातूनच परतले होते. अक्का चटका बसल्यासारख्या उठल्या. पेला मोरीत रिकामा झाला, पण बाटली राहिली टेबलावर.

"हे काय?"

"द्राक्षासव," अक्का म्हणाल्या. "मेधानं दिलंय. अशक्तपणावर."

अण्णांनी चष्मा लावला. अक्षरं कळेनात, पण द्राक्षाचा घड कळला. "वा! तिकडंही पोचलं म्हणायचं!" झालं. त्या दिवसापासून जेवणानंतर अण्णांना आसवाच्या रीतीनं दोन चमचे, तेवढंच पाणी घालून. पुढं ती आंबून गेली असणार, तर अण्णा म्हणतात, जुनं होईल तसा गुण वाढतोय! चमचे मोजून कोण द्यायचं? अक्काच. खरं सांगावं तर घरात दारू आणल्याचा ठपका येईल, गप्प बसावं तर बाटली तळाला जातेय. आपलेच दात, आपलेच ओठ. "साकु गं," पदरात तोंड खुपसून त्या मला कानडीत 'पुरे' म्हणायच्या, "हसू का रडू?" मी हसायचे. मला वाटायचं, आणखी एक बाटली येईल की.

मग त्यांचं हृदय थकलं, प्रवास बंद झाला. दवाखान्यात मी पेज घेऊन गेले तेव्हा अक्कांनी विचारलं, "तू जेवलीस?" म्हटलं, घरी जाऊन जेवेन. "म्हणजे गारच," म्हणाल्या आणि डोळे मिटले. आमचं तेवढंच शेवटचं बोलणं.

चौदाव्याला मी अळूवडी केली. मेधा आली होती, तिनं तीच बाटली आणलेली, आईच्या आवडीची म्हणून. पुरुषांची पानं आटोपत आली तसे अण्णा म्हणाले, "द्राक्षासव आणलंस होय? सुमन, दोन चमचे दे गं."

मी चमचा घेतलाही. सवय हो, दुसरं काय! पण हात पुढं जाईना. मेला तो चमचा!

"अण्णा, हे द्राक्षासव नव्हे. वाईन आहे. अक्कांना आवडायची."

आमचे हे माझ्याकडे बघतच राहिले. अण्णांचा चेहरा उतरला. "म्हणजे... इंदू घरात पीत होती?"

"नाही हो. इथं आल्यावर थेंबभरसुद्धा नाही. ती बाटली तुम्ही संपवलीत."

"मग मला सांगायचं की..."

"काय सांगणार? अक्कांना ती गरम वडीबरोबर, बसून प्यायची होती."

अण्णा स्वतः उठले, पाट सरकवला आणि म्हणाले, "बस. तू जेव आता."

मी बसले. वड्या गार झाल्या होत्या.