ऊस नको म्हणणारा पाहुणा

ती घटना आठवली की मला आजही आधी हसू येतं आणि मग भूक लागते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण ज्या अपहरणातला माणूस ढेकर देत बाहेर आला असं अपहरण एकच.

तेव्हा मी शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कारेगावच्या कामगारांच्या खोल्यांतल्या मोबाइल चोऱ्या, कंपनीच्या गेटवरच्या हाणामाऱ्या, बांधावरून फुटलेली डोकी, हे आमचं रोजचं. एके सकाळी तालुक्यातल्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापक मॅडम बंदोबस्ताचा अर्ज घेऊन आल्या. तिशीतल्या, अर्थशास्त्र शिकवणाऱ्या. नोकरी तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नव्यानं नेमणूक. त्यांनी एका निवृत्त कृषी-अर्थतज्ज्ञांना व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय वाचून माझ्या ठाणे अंमलदाराचा चहाच खाली ठेवला गेला. विषय होता, आपल्या भागातला ऊस बंद का करावा.

भीमा आणि घोड नदीच्या काठी हे बोलायचं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. इथं माणूस स्वतःच्या सासऱ्याबद्दल वाकडं ऐकून घेईल, उसाबद्दल नाही.

त्याच दुपारी प्राचार्य आले. माणूस गोड. बसल्या बसल्या म्हणाले, "साहेब, तुम्ही फक्त एक पत्र द्या, कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होऊ शकतो म्हणून. बाकीचं आम्ही बघतो."

म्हणजे कार्यक्रम रद्द यांनी करायचा आणि बिल माझ्या नावावर फाडायचं! माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "सर, तुम्हाला वक्ता नको असेल तर तसं तुमच्या सहीनं लिहा. माझ्या शिक्क्यामागं लपू नका. बंदोबस्त मागितलाय, बंदोबस्त मिळेल."

त्यांचा चेहरा उतरला. जाता जाता म्हणाले, "ठीक आहे. पण चार वाजता वक्ते मंचावर नसले, तर सभागृहाला कुलूप. आणि अशा भानगडी करणाऱ्या मॅडमच्या पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचा मला विचार करावा लागेल." मॅडम तेव्हा दारातच उभ्या होत्या, अर्जाची पोच घ्यायला. त्यांनी ऐकलं, पोच घेतली आणि निघून गेल्या. बाई खमकी आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी टिप मिळाली. हायवेवरच्या गॅरेजमधला आमचा खबऱ्या म्हणाला, "साहेब, पोरांनी जळकं ऑइल मागून नेलंय. डबा भरून. वक्त्याच्या तोंडाला फासायचं म्हणत्यात."

"कुणाची पोरं?"

"आबांची. दुसरं कोण?"

आबा म्हणजे मांडवगण फराट्याच्या बाजूचे मोठे बागायतदार. त्याच महाविद्यालयाच्या संचालक मंडळावर. पांढरी टोपी, मोठा आवाज, त्याहून मोठा उसाचा पट्टा. त्यांचा पुतण्या पोरांचा म्होरक्या. मी लगेच गेटवर माणसं नेमली, महिला पोलीस आत, साध्या वेशातले दोघं कँटीनमध्ये. येणाऱ्याच्या पिशव्या तपासायच्या, बाटल्यांचा वास घ्यायचा. एका बिचाऱ्या विद्यार्थ्याची डोक्याला लावायच्या तेलाची बाटलीसुद्धा आमच्या लोकांनी जप्त केली.

व्याख्यानाच्या दिवशी मात्र घोटाळा भलतीकडंच झाला. वक्ते दुपारच्या गाडीनं दौंडला उतरणार होते. त्यांना आणायला गेलेल्या कॉलेजच्या ड्रायव्हरचा मॅडमला फोन आला, गाडी येऊन गेली, पाहुणे कुठंच नाहीत. वक्त्यांचा फोन नुसता वाजत होता, उचलत कुणी नव्हतं. मॅडम माझ्याकडं धावत आल्या. "साहेब, त्यांच्या जिवाला काही झालं तर? मी बोलावलंय त्यांना."

दौंडला माझा एक जुना सहकारी होता. त्याला फोन करून कॅमेरे बघायला लावले. तो म्हणाला, "सापडले. खादीचा झब्बा, खांद्यावर झोळी. एकानं गळ्यात हार घातला, पाया पडला, झोळी घेतली आणि पांढऱ्या गाडीत बसवलं."

"ओढून?"

"छे हो. हसत बसले. पाहुणे खुश दिसतायत."

आता याला अपहरण म्हणायचं की सत्कार, हे कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात नव्हतं. मोबाइलचं लोकेशन मागवलं. ते आलं नदीकाठच्या टॉवरचं. त्या टॉवरखाली सगळा ऊसच ऊस. तिथं वरात हरवली तरी सापडायची नाही, एकटा म्हातारा काय सापडणार?

मी गेटवरून आबांच्या पुतण्याला उचलला आणि प्राचार्यांच्या शेजारच्या खोलीत बसवला. चौकशीत मी आधी माणसाचं तोंड बघत नाही, भूक बघतो. ज्याला पुढं मारामारी करायची असते त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. मी वडापाव मागवला. या पठ्ठ्यानं दोन खाल्ले आणि वर तळलेली मिरची मागितली. तेव्हाच मला कळलं, याला आज ऑइल फासायचंच नाहीये. वक्ता येणारच नाही, हे याला पक्कं ठाऊक आहे.

"पाहुणे कुठं आहेत?"

"कोण पाहुणं, साहेब? मला काय म्हाईत?"

"दौंडला हार कुणी घातला?"

"हार तर कुणीबी घालतं साहेब. चांगलं काम हाय."

धमकावून पाहिलं, समजावून पाहिलं. गडी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचा आणि गालात हसायचा. माझा हात शिवशिवत होता, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात टेबलावरचा त्याचा मोबाइल वाजला. पडद्यावर नाव आलं, 'काकू'. त्याचं हसू खाडकन उतरलं. मी म्हणालो, "उचल. स्पीकरवर."

त्यानं उचलला. पलीकडून आबांच्या घरच्या बाईंचा खणखणीत आवाज आला, "आरं कुठं हायस तू? येताना दही घिऊन ये. पाहुण्यास्नी मासवडीचा रस्सा लई तिखट लागतोय. डोळ्यांतनं पाणी काढाया लागल्यात बिचारं!"

पुतण्यानं डोळे मिटून घेतले. मी घसा खाकरून, जमेल तितक्या त्याच्या आवाजात विचारलं, "किती आणू?"

"आण की मोठा डबा. आन् लवकर ये. आबा म्हणत्यात, चार वाजस्तवर उठू द्यायचं न्हाई त्यास्नी!"

खोलीत आमचा हवालदार होता, तो तोंडावर टोपी धरून बाहेर पळाला. मी पुतण्याला म्हणालो, "चल. वाटेत दही घेऊ."

आबांच्या वस्तीवर पोचलो तेव्हा ओसरीवर पंगत मांडलेली. मधोमध वक्ते, गळ्यात अजून हार. ताटात मासवड्या, रस्सा, बाजरीची भाकरी, वर तुपाची वाटी. आबा स्वतः वाढत होते. वक्त्यांचा हात ताटावर आडवा, "पुरे, पुरे," आणि आबांचा आग्रह, "आमच्या घरी येऊन उपाशी जाता व्हय?" वक्त्यांचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावला होता. सोईसाठी!

मी विचारलं, "सर, तुम्हाला इथं बळजबरीनं ठेवलंय का?"

ते बिचारे घामाघूम. म्हणाले, "बळजबरी... म्हणजे जायचं म्हणालो की भाकरी येते."

मागं वळून पाहिलं तर आमचा ड्रायव्हर हात धुऊन पाटावर बसलेला. त्याच्याशी काय बोलणार! मी आबांना बाजूला घेतलं. "आबा, हे काय चालवलंय?"

"काय चालवलंय? पाहुणचार! मारलं न्हाई, बांधलं न्हाई. कुठलं कलम लावताय, लावा." मग एकदम त्यांचा आवाज बसला. "साहेब, ह्या उसावर माझी पोरं शिकली. माझ्या बापानं खडक फोडून ही जमीन केली. आन् हा माणूस येऊन आमच्याच पोरांना सांगणार, तुमचा बाप पाणी चोरतो. उद्या माझा नातू मला तोंडावर ईचारंल. मी काय सांगू त्याला?"

म्हातारा खरंच दुखावला होता. मला त्यांचा राग येत होता आणि वाईटही वाटत होतं. मी म्हणालो, "हेच तिथं सगळ्यांसमोर विचारा. पण आधी एक ऐका. गेटबाहेर तुमची बाकीची पोरं डबा घेऊन उभी आहेत, त्यांना या पाहुणचाराचा पत्ताच नाही. तुमच्या घरी जेवलेला माणूस तासाभरात तुमच्याच पोरांच्या हातून काळा होणार. गाव काय म्हणेल? आबांनी जेवू घातलं आणि मग तोंडाला फासलं?"

हे मात्र आबांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी आधी ओसरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. टोपी काढून पुन्हा घातली. "माझ्या ताटावरनं उठलेल्या माणसाला? कुणाची हिंमत हाय!" म्हणाले, आणि वक्त्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले.

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. सभागृहाला कुलूप. पण मुलं गेली नव्हती. मॅडमनी सगळ्यांना बाहेरच्या पायऱ्यांवर बसवलं होतं आणि प्राचार्य पुढं येरझाऱ्या घालत होते, "हे नियमाबाहेर आहे, मॅडम, नियमाबाहेर!" गेटबाहेर पोरं डबा घेऊन पुढं सरकली, तशी आबांनी गाडीतूनच गर्जना केली, "माझ्या घरचा पाहुणा हाय त्यो! बोट लावंल त्यानं माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई!" डबा जागीच खाली ठेवला गेला. मी तो पंचनामा न करताच जप्त केला; ऑइल मोटरसायकलच्या साखळीला तरी उपयोगी पडलं असतं, एवढंच पोरांना वाईट वाटलं. संचालक आबा उतरलेले बघताच प्राचार्यांना सभागृहाची किल्ली त्यांच्याच खिशात सापडली.

एवढं जेवलेला माणूस बोलेल काय, अशी मला शंका होती. पण वक्ते उभे राहिले आणि आबांच्या मिठाची जराही भीड न ठेवता तासभर बोलले. कुठल्या गावात विहिरी कशा आटल्या, कुणाच्या वाट्याचं पाणी कुणाच्या शेतात जातं, सगळं. आबा तीनदा उठले, तीनदा मी खांदा दाबून बसवले. "आबा, प्रश्न शेवटी."

शेवटी उठले. "ऊस काढतो. उद्याच काढतो. त्याच्या जागी काय लावू, आन् त्याला भाव कोण देणार, ते सांगा."

वक्त्यांनी हातातली टिपणं मिटली. मग म्हणाले, "याचं पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही, आबा." आबा सावकाश खाली बसले. एवढ्या मोठ्या माणसाला 'माहीत नाही' म्हणताना त्या पोरांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

कुणी फिर्याद दिली नाही, गुन्हा दाखल झाला नाही. मला वाटलं, संपलं प्रकरण. पण महिनाभरात मॅडम पुन्हा ठाण्यात हजर. पुन्हा बंदोबस्ताचा अर्ज. विषय, ऊस का लावावा. वक्ते, आबा! आणि या खेपेला विरोध केंदूरकडच्या पोरांचा. त्यांच्याकडं पाण्याची बोंब. ती पोरं म्हणत होती, आमचं पाणी पिणाऱ्या माणसाला कॉलेजात माइक देता कसा? बोलूच देणार नाही.

मॅडमच्या नेमणुकीच्या कागदावर अजून सही झाली नव्हती, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "मॅडम, आबांनी तुमची नोकरी घालवायला कमी केलं नव्हतं. आणि आता त्यांच्यासाठी भांडताय? पटतं का तुम्हाला त्यांचं?"

"अजिबात नाही पटत."

"मग?"

त्या म्हणाल्या, "साहेब, मला पटेल त्यालाच बोलू द्यायचं असेल, तर मग वर्गात मी एकटीच पुरे की."

मी वर्दीत आयुष्य घालवलं. कोण काय बोलणार याची चौकशी करायला मला कितीतरी जणांनी सांगितलं असेल. या प्रकरणानंतर मी अशा अर्जावर दोनच गोष्टी विचारायचो, किती वाजता आणि कुठल्या दारानं. माणूस माइकपर्यंत सुखरूप पोचवायचा आणि सुखरूप घरी न्यायचा, एवढंच आमचं काम. बरोबर काय, चूक काय, ते ऐकणारे बघतील.

आबांचं भाषण झालं. मंडळाच्या बैठकीत मॅडमच्या नेमणुकीचा विषय निघाला तेव्हा प्राचार्यांनी म्हणे बराच वेळ घसा साफ केला. आबा म्हणाले, "त्या बाईला हात लावायचा न्हाई. माझं अजून बोलून झालेलं न्हाई."