अम्माला भाई दिसला तो दिवस

मोबाइल टॉवर आधी कोणाचं ऐकतो, हे मला पोटापाण्यामुळे ठाऊक. रत्नागिरीजवळच्या आमच्या किनाऱ्यावर टॉवरांची देखभाल मी करायचो. जुन्या यंत्रात बोलणाऱ्याला आधी जागा, इंटरनेटला उरलीसुरली. ईदला सगळा गाव फोनला चिकटला की नेट ठप्प! मोठा भाई दुबईत. अम्माला त्याचा नुसता आवाज पुरत नव्हता. "चेहरा दाखव रे एकदा," म्हणायची. तो म्हणायचा, "तुमच्याकडचं नेट स्लो आहे, अम्मा." आणि मी दीडशहाणा लगेच तिला समजावायला बसायचो, की जागाच शिल्लक नाही तर चित्र येणार कुठून?

मग अब्बा गेले. संध्याकाळी गेले, दुसऱ्या दिवशी दुपारी जोहरच्या नमाजानंतर माती दिली. भाई आला नाही. पासपोर्ट कंपनीने अडकवून ठेवलाय म्हणाला आणि फोनवर ढसाढसा रडला. कबरीत अब्बांना मी उतरवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अम्मा सांगायची, "परमुलखात पोरगा अडकलाय हो. नाहीतर धावत आला असता."

पुढच्या वर्षी आमच्या टॉवरवर थ्रीजी आलं. या यंत्राची करामत वेगळी. ते प्रत्येक मोबाइलला क्षणोक्षणी विचारतं, तुला कसं ऐकू येतंय? ज्याला स्पष्ट ऐकू येतं त्याच्याकडे एका दमात भरपूर माल धाडतं. अडखळणाऱ्याला थोडा थोडा, सांभाळून. आमचं घर खाली, माडांच्या आड. तिथे थोडा थोडाच मिळायचा. वर सड्यावर मात्र मोकळा कातळ, टॉवर अगदी समोर. अम्माला तिथे न्यायचं मी ठरवलं.

भाई टाळत राहिला. कधी कॅमेरा बिघडलाय, कधी ड्युटी आहे. शेवटी ईदच्या सकाळी अम्मा कडाडली, "आज चेहरा दाखवला नाहीस तर मला फोन करू नकोस!"

संध्याकाळी आम्ही कातळावर बसलो. लॅपटॉपला डेटाकार्ड लावलं आणि काय सांगू, भाई लख्ख दिसला. कुठे अडकणं नाही, तुटणं नाही. मला तर नाचावंसं वाटलं. अम्मा पडद्यावर हात फिरवत म्हणाली, "किती बारीक झालास रे मेल्या! जेवतोस की नाही?"

समोर सूर्य समुद्रात बुडाला. खालच्या मशिदीतून मगरिबची अजान आली. अम्माने डोक्यावर पदर घेतला. तेवढ्यात लॅपटॉपमधूनही अजान ऐकू आली. भाईच्या मागच्या खिडकीत अंधारून आलं होतं.

गल्फमध्ये माणूस नाही असं घर आमच्या गावात नाही. दुबईत सूर्य आपल्यानंतर तास-सव्वा तासाने मावळतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तिकडे आत्ता ऊन हवं होतं.

"तू कुठे आहेस?" अम्माने विचारलं.

भाईने मागे वळून खिडकीकडे पाहिलं. चित्र आता तरी अडकावं, असं मला वाटत होतं. मेलं अडकलं नाही.

"मुंबईत," तो म्हणाला. "नोकरी गेली, अम्मा. दोन वर्षं झाली."

गल्फचे फोन आमच्याकडे नेहमीच कसल्याही विचित्र नंबरावरून यायचे. त्यामुळे नंबर कधी कोणी बघितलाच नाही.

"अब्बा गेले तेव्हा?"

"इथेच होतो. कुठल्या तोंडाने आलो असतो?"

रात्रीच्या गाडीत बसला असता तर सकाळी दारात असता, मातीच्या आधी. आणि मी? टॉवरचं सगळं शिक्षण वापरून मी या खोटारड्याची वकिली करत होतो, तीही आईसमोर!

पडद्यावर भाई रडत होता. त्याचा एकेक अश्रू स्पष्ट दिसत होता. अम्माने थोडा वेळ बघितलं आणि ती उठली.

"बंद कर ते," मला म्हणाली. "नमाज चुकेल. आणि उद्या कबरीवर जा. अब्बांना सांग, पोरगा अडकला नव्हता."