मयताच्या नावची पत्रं

मनुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि दाराची कडी वाजली. माण तालुक्यातल्या त्या गावात येणारा माणूस हाक मारतच आत शिरायचा. कडी कोण वाजवणार? दार उघडलं तर खाकी कपड्यातला नाथाजी, तिच्या नवऱ्याच्या पलटणीतला. लढाई नुकतीच संपली होती.

"आवं भावजी, या की! आमचं मालक कवा येनार, ते सांगा आदी."

नाथाजीची नजर तिच्या कपाळावरच्या कुंकवावर गेली आणि तिथंच थिजली.

"वैनी, लालासाहेबाला जाऊन वरीस झालं. ब्रह्मदेशात. माज्या मांडीवर गेला. तार आली न्हाई घरला?"

तिनं धावत जाऊन ट्रंकेतली पत्रं आणली. अकरा होती. शेवटचं आठच दिवसांपूर्वीचं. "मग ही कुनाची?"

नाथाजीनं ती उलटीपालटी केली. "पलटनीच्या पत्रावर सेन्सॉरचा शिक्का असतोय. ह्यावर काय बी न्हाई."

पत्रं सासरे आणायचे, सयाजी. साताऱ्याला सोल्जरच्या कचेरीत येतात म्हणायचे. मनुबाई मास्तरांकडून उत्तरं लिहून घ्यायची, तीही तेच न्यायचे. आता ते ओट्यावर डोकं धरून बसले. "तार मी लपवली, पोरी. तुजी सासू अंथरुणाला खिळलेली. तिला सोसलं नसतं म्हनून साताऱ्याच्या टपालापुढं बसनाऱ्या नारायणरावाकडनं पयलं पत्र लिवून घेतलं. ती गेली, पन मग माजं तोंडच उघडंना."

त्यांचा राग आलाच. पण म्हातारा गोठ्यात एकटाच रडताना तिनं पाहिला होता. खरा राग उफाळला तो लिहिणाऱ्यावर. काय माया त्या पत्रांत! लालासाहेब तोंडानं असं कधी बोलला नव्हता. परमुलखात माणूस मऊ झाला, असं तिला वाटलेलं. मग तिनंही मास्तरांपुढं मान खाली घालून सांगितलं होतं, 'लिवा, झोप लागत न्हाई.' ते कोण वाचत होतं?

दुसऱ्या दिवशी तिनं साताऱ्याची मोटार धरली. टपाल कचेरीसमोर उतरतं मेज मांडून नारायणराव बसले होते, कानामागं टाक खोचून.

"बाई, मी लेखनिक. गिऱ्हाईक सांगेल ते उतरवतो. खोटं असेल तर ते त्याचं."

"मामंजींनी 'खुशाल हाय' येवडंच सांगितलं हुतं. बाकीचं ग्वाड ग्वाड कुनाचं?"

नारायणराव जरा सुखावलेच. "ते माझं. पत्र खरं वाटायला नको?"

"मानूस गेल्यालं तुमाला ठावं हुतं?"

"हो."

"तरी दर खेपंला माज्या नावामागं 'सौभाग्यवती' लिवलंत?"

"रीतच आहे ती. 'गंगाभागीरथी' लिहिलं असतं तर..." ते अडखळले.

"तर मला कळलं असतं! वरीसभर तुमच्या टाकानं मला सवाशीण नटवली. मी वडाला दोरा गुंडाळला. बायकांनी ओट्या भरल्या माज्या. आता त्या माज्याकडं कशा बगतील? आन् तुमी हितं सुपारी कातरत माजी पत्रं वाचलीसा!"

रांगेतली माणसं वळून बघू लागली. नारायणराव आवाज उतरवून म्हणाले, "अहो, पण वर्ष सुखात गेलं ना तुमचं?"

"माजं रडायचं वरीस खाल्लंत आन् वर उपकार सांगताय? माजं दुःख हुतं त्ये. तुमच्या हातात कुनी दिलं?"

मेजावरचं कोरं कार्ड तिनं त्यांच्यापुढं सरकवलं.

"एक कार्ड लिवा, माज्याच पत्त्यावर. आमचं मालक गेलं, येवडंच लिवा. आन् खाली तुमचं नाव घाला."