न बुडालेल्या वस्तीतली अक्का

धरणाचं पाणी आलं तो मंगळवार होता. दुपारी चावडी गेली, दिवेलागणीला शाळा गेली. माणसं आधीच काठावरच्या नव्या गावात राहायला गेली होती. उंच गुड्ड्यावरची वस्ती तेवढी जागेवर राहिली आणि तिच्या चारी बाजूंना पाणी आलं.

पुढच्या आठवड्यात अक्का नव्या शाळेत आली. व्हरांड्यात उभं राहून तिनं लुगड्याचा काठ पिळला, फरशीवर सांडलेलं पाणी पायानं बाजूला सारलं आणि म्हणाली, "गुर्जी, आम्ही बुडालो न्हाई म्हणं."

यातलं 'म्हणं' नीट ऐकायला हवं. ते तिचं मत नव्हतं. कचेरीतल्या कुणीतरी सांगितलेलं ती पुढं सांगत होती, आणि मरेपर्यंत तशीच सांगत राहिली. न पटलेली गोष्ट दुसऱ्याच्या नावावर ठेवून बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. रागावणाऱ्यांपेक्षा त्यांच्यापुढं बसणं मला जास्त अवघड वाटतं.

गाव भालकीच्या बाजूचं. मी तिथल्या मराठी शाळेत शिकवायचो. अक्का शाळा झाडायची आणि घंटा द्यायची. छप्पन साली आमचं राज्य बदललं आणि त्याच साली तिच्या लोकांनी धर्म बदलायला सुरुवात केली. ती म्हणायची, "तुम्ही मैसूरचे झालाव, आम्ही बुद्धाचे झालो. जागा मातर दोघांचीबी तीच राहिली."

जागा म्हणजे गुड्डा, खडकाळ टेकाड. नदीकाठी काळी जमीन, तिच्या कडेला गाव, आणि गावात ज्यांना राहू देत नसत त्यांची वस्ती त्या खडकावर. पाटलांच्या आजानं कधीतरी "बसा तिथं" म्हटलं होतं, तेवढ्यावर पिढ्या बसल्या. विहीर खणली तर दगड लागायचा.

धरण भरल्यावर बायामाणसं गुळाच्या काहिलीत बसून काठावर येऊ लागली. दोघं-तिघं बसायची, एकजण बांबूनं ढकलायचा. काहील कलायची, कमरेपर्यंत कपडे भिजायचे. अक्का रोज अशी यायची, आणि येताना पिण्याच्या पाण्याचा तांब्या घरून आणायची.

एकदा मी म्हटलं, "अक्का, शाळेच्या माठातलं घ्या की."

"घेईन की. मग माठ कोण फोडंल, तुम्ही का मी?"

मी माठातलं पाणी ओतून तिला दिलं. तिनं ते प्यायलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या घेऊन आली.

तिला एकच गोष्ट हवी होती: नव्या गावात वस्तीतल्या घरांना जागा. "भिंती आम्ही घालतो, जागा तेवढी द्या," असं ती सगळ्यांना सांगायची. जागा बुडालेल्यांनाच मिळत होती. गावातले लोक पारावरून म्हणायचे, "तुमचं बरं हाय अक्का, उंचावर हाव."

"व्हय की," ती झाडू न थांबवता म्हणायची, "जलमभर खालचे म्हनलाव. आता उंचावरचे झालो."

एकदा पाहणीला साहेब आले. दक्षिणेकडचे, म्हैसूरच्या बाजूचे. स्वभावानं वाईट नव्हते. काठावर जीप थांबली आणि अक्का वस्तीच्या वतीनं पुढं झाली. तिला कानडी येत होती, पण बाजारातली. बेटाला कानडीत काय म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं कानडी वाक्यात आपला शब्द घातला: साहेब, आमचं बेट झालंय, जायला यायला वाट राहिली नाही.

साहेबांनी ऐकलं 'बेट्ट'. त्यांच्याकडं डोंगराला बेट्ट म्हणतात. आमच्याकडं कानडी माणूसही गुड्डाच म्हणतो, त्यामुळं घोटाळा लगेच कुणाच्या लक्षात आला नाही. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "ते मला दिसतंय अम्मा. बेट्ट आहे म्हणून तर तुम्ही वाचलात."

अक्काला वाटलं, काम झालं. ती मान हलवत राहिली. "व्हय साहेब, बेटच."

मी मध्ये पडलो. म्हटलं, ती डोंगर म्हणत नाही. नडुगड्डे म्हणतेय, पाण्यानं वेढलेली जागा. साहेब मनापासून हसले. "मास्तर, एक मराठी शब्द शिकलो." मग विचारलं, "पण घर बुडालं का?"

"नाही."

"मग?"

जीप गेल्यावर अक्कानं मला विचारलं, "काय म्हनले?"

"घर बुडालं तरच जागा."

"मग घर थोडं खाली बांधाय पाहिजे होतं," ती म्हणाली. "पर खाली कोन बांधू देत होतं?"

पुढं काही वर्षांनी हैदराबादची एक मोटार काठाशी आली. उतरलेल्या माणसांकडं थर्मास होता, छत्र्या होत्या. काहिलीत बसून ते गुड्ड्यावर गेले, फिरले, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी अक्कानं मला सगळं सांगितलं.

"त्यातला एकजन इचारतोय, 'ये टापू किसका है अम्मा?' टापू म्हणं. गुर्जी, एका खडकाला किती नावं. साहेबाला समोर उभं राहून बेट दिसलं न्हाई, ह्यांना मोटारीतून दिसलं."

"तुम्ही काय सांगितलं?"

"हमारा, म्हनलं. तर तो दुसऱ्याला म्हनतोय, 'यहाँ कोई आता नहीं, किसी को मालूम नहीं, यही तो बात है.' मी म्हनलं, हम हैं ना. तर हासायला लागला."

ती स्वतःही हसत होती. त्या वेळी मीही हसलो.

सरकारदरबारी गुड्डा पाटलांच्या नावावर होता. काळ्या जमिनीची भरपाई त्यांना मिळाली होती. न बुडालेला खडक त्यांनी मोटारीतून आलेल्या हैदराबादच्या माणसाला विकला. वस्तीला उठायला सांगण्यात आलं. लोक तहसीलपर्यंत जाऊन आले. अक्का पाटलांच्या नव्या घरी गेली, तेव्हा तिच्याबरोबर मीही होतो. ती पायरीखाली उभी राहिली. पाटील खुर्चीत होते.

"अक्का," ते म्हणाले, "तिथनं उठायचंय, उठायचंय, असं तूच म्हनत होतीस की. आता उठ म्हनलं तर कामून भांडायलीस?"

"उठायचं होतं अप्पा. उठवून घ्यायचं नव्हतं."

"मी काय करू?"

"हितं जागा द्या."

"जागा बुडालेल्यांना हाय."

ती माघारी वळली. वाटेत मला म्हणाली, "आज म्हणं नव्हतं बघा. तोंडावर सांगितलं." इतक्या वर्षांत तिच्या आवाजात मला पहिल्यांदाच थकवा ऐकू आला.

वस्ती पांगली. कुणी जनवाड्याला नातेवाइकांकडं गेले, कुणी हैदराबादला बांधकामावर. अक्का थोरल्या मुलाबरोबर बिदरला मैलूरमध्ये भाड्याच्या खोलीत राहू लागली. शाळा सुटली, घंटा दुसरं कुणी देऊ लागलं. मी बिदरला गेलो की तिच्याकडं जायचो. एका पावसाळ्यात गेलो तर गल्लीचं पाणी खोलीत शिरलेलं. भांडी खाटेवर ठेवलेली, अक्का उंबऱ्यावर पाय वर घेऊन बसलेली.

"या गुर्जी," ती म्हणाली. "आता बुडालो. साहेबाला म्हनावं, या बघायला."

तिला कुठंतरी उंचावर खोली बघू, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "नको. उंचावर लई राहिले."

ती उन्हाळ्यात गेली. गुड्ड्यावर तिच्या नवऱ्याची माती होती, आणि तिथंच न्यायचं असं ती मुलांना सांगून गेली होती. धाकट्यानं भालकीहून गुड्ड्याच्या मालकाला हैदराबादला ट्रंक कॉल लावला. मालक परगावी होते; घरच्यांनी सांगितलं, आल्यावर विचारतो. ऊन होतं, थांबता येत नव्हतं. अक्काची माती बिदरलाच झाली.

गुड्ड्यावर आता मालकाचं एक घर आहे. वर्षातून काही दिवस तिथं पाहुणे येतात. बाकीचे दिवस अक्काचा धाकटा मुलगा तिथं एकटा राहतो. तो राखणदार आहे. काठावरून कुणी हाक मारली तर तो आधी नाव विचारतो.