सातवं मागणं

"आफ्रिकेत पाणी नाय, आणि तू हंय बसान चाय ढोसतंस?" असं म्हणतच बाय माझ्या झेरॉक्सच्या दुकानात शिरायची. कपाळावर चढवलेला चष्मा नाकावर ओढायची आणि हात पुढे करायची. म्हणजे कागद दे.

माझ्या दुकानाला लागून तिचं शिवणाचं दुकान. ब्लाऊज, शाळेचे गणवेश, चर्चमधल्या पोरांचे झगे, सगळं तीच शिवायची. लग्न केलं नाही. आईबाप लवकर गेले, धाकट्या भावाला हिनेच वाढवलं, आणि तो पाद्री होऊन निघाला तो थेट आफ्रिकेत. कुठल्याशा तळ्याकाठी त्याचं चर्च. आजूबाजूला मुसलमानांची गावं, ख्रिस्तावांची गावं, आणि झाडांना, वाडवडिलांना भजणाऱ्यांचीही गावं. "म्हणजे आपल्या मालवणासारख्याच रे," बाय म्हणायची. "फक्त मासे गोड्या पाण्यातले."

तिचा फोन बटणांचा. म्हणून फादरचा निरोप दर महिन्याला माझ्या व्हॉट्सअॅपवर यायचा. ह्या खेपेस कशाकशासाठी प्रार्थना करायची त्याची यादी, सात मागणी. मी ती मोठ्या टायपात छापून द्यायचो. मशिदीला आणि चर्चला दोन्हींना जवळ पडेल अशी विहीर व्हावी. गुरं राखणारे आणि शेतवाले यांच्यातली मारामारी थांबावी. तिथल्या भाषेत बायबल उतरवणाऱ्या मास्तरांचा मलेरिया बरा व्हावा. पायी फिरून धर्म शिकवणाऱ्यांना सायकली मिळाव्यात. असं सगळं.

रविवारी संध्याकाळी वाडीच्या तोंडावरच्या पांढऱ्या क्रुसापाशी ती आम्हाला गोळा करायची. मेणबत्त्या, उकडलेले चणे, खोबऱ्याचे तुकडे. आता प्रार्थना करायची तर ख्रिस्तावांच्या रीतीने करावी की नाही? पण बाय आमच्यातच वाढलेली. ती सरळ गाऱ्हाणं घालायची! आमच्या देवळात गावकर देवासमोर उभा राहून गावाच्या अडचणी मोठ्याने सांगतो आणि जमलेले लोक दर वाक्याला हो म्हणतात, अगदी तसंच.

"बा देवा बापा, थंय गुराख्यांची आणि शेतकऱ्यांची जी काय भांडणां चलतत, ती दूर कर!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही पंधरावीस जण ओरडायचो. त्यात निम्मे हिंदू.

एकदा सहावं मागणं आलं, ज्यांना अजून येशू ठाऊक नाही त्यांची मनं उघड. मी जोरात "व्हय म्हाराजा!" ठोकलं आणि मग चपापलो. येशू ठाऊक नसलेल्यांत मीच पहिला की! मी नक्की कशाला हो म्हटलं? आता बोला. शेजारी मासळीचे व्यापारी चाचा उभे होते. ते पुटपुटले, "ह्या कलमाक मी गप ऱ्हवतंय हां. बाकी सगळ्याक व्हय."

बायने ऐकलं. "ऱ्हवा गप, चाचा. पण चणे खाल्ल्याबिगर जाव नकात."

तुम्ही आमच्यात उभे असता तर तुमच्याही लक्षात आलं असतं, सहावं झालं की बाय कागदाची घडी घालायची. सातवं कधी वाचायचीच नाही. मला मात्र ते पाठ होतं, कारण दर महिन्याला फादर स्वतःसाठी तेच मागायचा: मला इथेच राहू द्यावं.

मी एकदा धीर करून विचारलं, "बाय, सातवा ऱ्हवला."

"ता माझा आसा. घराकडे म्हणतंय." मग मशीनचं चाक थांबवून म्हणाली, "खोटा कित्याक बोलू? घराकडे पण नाय म्हणत. तो ऱ्हवूक मागता, आणि माझो जीव म्हणता, तेणा परत येवचा. देवान आयकूचा कोणाचा? तेच्या मागण्यात मी कशी आडवी येव? म्हणान मी गप."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चहा मागवला.

इथवर ठीक होतं. पण माझ्या डोक्यात भलताच किडा शिरला. माझे वडील देवळात गाऱ्हाणं घालायचे आणि त्यांचा दंडक होता की हाती घेतलेलं गाऱ्हाणं अर्धवट सोडायचं नाही, राहिलेलं मागणं उलटतं. त्याच आठवड्यात फादर तापाने पडल्याचा निरोप आला. राहिलेलं सातवंच भोवलं, दुसरं काय? बायला काही न सांगता मी सकाळी देवळात गेलो आणि ग्रामदेवतेला हात जोडून सांगितलं, आमच्या बायचा भाऊ आफ्रिकेत पाद्री आहे, त्याला तिथेच सुखरूप राहू दे. पुजाऱ्याने माझ्याकडे पाहिलं ते पाहिलंच.

फादरचा ताप उतरला. मग काय, दर महिन्याला मी सातवं मागणं देवळात पोचवू लागलो.

वर्षभराने बाय हसत दुकानात आली. फादरची गोव्याला बदली ठरली होती. तिने त्याच्या खोलीला रंग द्यायचं ठरवलं, पडदे शिवले. पंधरा दिवसांत बदली रद्द. पुढच्या वर्षी पुन्हा ठरली, पुन्हा रद्द. बायने पडद्यांची घडी घालून ट्रंकेत ठेवली आणि गणवेशाला काज करायला बसली. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. कपाळ माझं! हे मी केलं? की असं काही नसतंच? मी देवळात जायचं बंद केलं. पण दिलेलं गाऱ्हाणं मागे कसं घेतात, ते वडिलांनी शिकवलं नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत बाय गेली. छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपली. फादर चौथ्या दिवशी पोचला. माती देऊन झाली होती. तो माझ्या दुकानात येऊन बसला. अंगाने अगदी बायसारखा, केस पांढरे.

"दोनदा माझी बदली ठरली आणि दोनदा मोडली," तो म्हणाला. "बायच्या मागण्यान. तिनाच माका थंय ऱ्हवाक दिल्यान." मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "तिना एकदा जरी 'ये' म्हटल्यान आसता, तर मी इलंय आसतंय. तिना कधी म्हणूकच नाय. खरा सांग, ता सातवा ती वाची मां?"

खरं सांगावं तर त्याला कळणार की ती सारा जन्म वाट बघत होती. खोटं सांगावं तर तिची ती वाट माझ्याच पोटात राहणार.

"वाची, फादर," मी म्हटलं. "सगळ्यात मोठ्यान वाची."

त्याने डोळे पुसले, माझा हात दाबला आणि समाधानाने परत गेला. देवळाकडे मी अजून फिरकलेलो नाही. जाऊन काय मागायचं, तेच कळत नाही.